गावाला जायचंय? आधी एक पावसाळा काढा

(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात संस्थेच्या एका संस्थापक सभासदाने केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



सेक्रेटरींचा फोन आला तेव्हा मी फवारणीच्या पंपाचा वॉशर बदलत होतो. म्हणाले, “काका, रौप्यमहोत्सव आहे, तुम्ही संस्थापक सभासद, वीस मिनिटं बोला.” मी विचारलं, कशावर? तर म्हणाले, “आपल्या बिल्डिंगमधले निम्मे लोक रिटायर झाल्यावर गावाला जायचं म्हणतात. तुम्ही खरंच गेलात. त्यावरच बोला.” निम्मे हा आकडा त्यांचा, मी मोजदाद केलेली नाही. पण इथे आलो की लिफ्टमध्ये कोणी ना कोणी विचारतंच, “काका, कसं जमलं हो?” आणि चौथा मजला येईपर्यंत काही त्याचं उत्तर देऊन होत नाही. आज माईक हातात आहे, तर सांगून टाकतो.

१९९९ साली आपली सोसायटी रजिस्टर झाली तेव्हा लिफ्ट नव्हती, पाण्याचा टँकर यायचा, आणि आरे रोडवर संध्याकाळी सातनंतर रिक्षावाला यायला तयार नसायचा. २०१५ साली मी पोस्टातून रिटायर झालो आणि दसऱ्यानंतर दापोली तालुक्यातल्या आमच्या गावी राहायला गेलो. मी गेलो, आणि २०१८ मध्ये हार्बर लाइन गोरेगावपर्यंत आली, मग पूर्वेला आणि पश्चिमेला दोन्हीकडे मेट्रो आली. म्हणजे माझ्या जाण्याचीच वाट बघत होते सगळे.

आता गंमत बाजूला ठेवतो. आमच्या घरातून गावाला परत जाणारा मी पहिला नव्हे. माझे वडील गिरणीत साच्यावर होते. लालबागला आमची दहा बाय बाराची खोली. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि पुढे काय झालं ते इथल्या बऱ्याच जणांच्या घरी ठाऊक आहे. ८३ च्या गणपतीला आम्ही सगळे गावी गेलो. गौरी-गणपतीचं विसर्जन झालं, आई आणि आम्ही भावंडं एसटीने परत निघालो. वडील म्हणाले, “तुम्ही व्हा पुढे, मी भात कापून येतो.” भात कापून झालं, वडील आले नाहीत. १९९६ साली गेले, ते तिथेच.

त्यांना गावात रुळायला एक हंगामही लागला नाही, कारण नांगर हातात धरता येत होता. त्या वर्षी आमच्या वाडीत असे सात जण परत आले होते, त्यामुळे कोणी कोणाला काही विचारलं नाही. पण मे महिन्यात मुंबईच्या एसटीतून चाकरमानी उतरायचे, सगळं गाव स्टँडवर जायचं, तेव्हा वडील मात्र घरामागे लाकडं फोडत बसायचे. पंचवीस-तीस वर्षं ते स्वतः त्या गाडीतून उतरले होते, नव्या शर्टात, पिशवीत खाऊ घेऊन. मला वडिलांचं हे लाकडं फोडणं फार उशिरा कळलं.

म्हणून कोणी ‘गावाकडे परत’ असं फार उत्साहाने म्हणालं की मी आधी विचारतो, गेलात की पाठवले गेलात? कोकणात दोन्ही प्रकार आहेत. आणि तिसरा प्रकार, जो सगळ्यात मोठा, तो म्हणजे न परतणाऱ्यांचा. २००१ ते २०११ या दहा वर्षांत देशाची लोकसंख्या वाढली, महाराष्ट्राची वाढली, पण रत्नागिरी जिल्ह्याची कमी झाली. सोळा लाख सत्त्याण्णव हजारांवरून सोळा लाख पंधरा हजारांवर आली. दर हजार पुरुषांमागे अकराशेहून जास्त बायका. पुरुष कुठे आहेत? इथे. गोरेगाव, नालासोपारा, दिवा. आमच्या वाडीत तीस घरं, त्यातल्या तेरा घरांना मी गेलो तेव्हा कुलूप होतं.

काही माणसं एखादं काम मनात धरून खेड्यात जातात. डॉ. अभय आणि राणी बंग १९८६ साली गडचिरोलीला गेले. डॉ. हिंमतराव बावस्कर महाडच्या बाजूला राहिले आणि विंचूदंशावरच्या उपचाराचं काम तिथून जगभर गेलं. आमच्याच दापोली तालुक्यात कुडावळ्याला दिलीप कुलकर्णी राहतात, चांगली नोकरी सोडून साधेपणाने कसं जगता येतं ते त्यांनी जगून दाखवलं, ‘गतिमान संतुलन’ मासिक तिथूनच चालवलं. या मंडळींना पाहिलं की आपण गप्प बसावं. माझं तसं काही नव्हतं. खरं कारण सांगू? मला इथे काही काम उरलं नव्हतं. सकाळी आरेत फिरायला जायचं, परत यायचं, पेपर वाचायचा, आणि मग साडेनऊ वाजलेले असायचे. साडेनऊनंतरचा दिवस मला जड जायचा. आणि गावाला घर होतं. माझं घर, असं मी म्हणायचो.

त्या ‘माझं’चाच पहिला फटका बसला. गेल्यावर मी पहिलं काम केलं ते सातबारा काढण्याचं. उताऱ्यावर तेवीस नावं! त्यातली नऊ माणसं वारलेली. तलाठ्याकडे वारस नोंदीचे अर्ज, फेरफार, यात सहा महिने गेले. ते ठीक. पण मी पोस्टातला माणूस, पैशाचा हिशेब लागल्याशिवाय झोप नाही. माझा चुलतभाऊ, आम्ही त्याला दादा म्हणतो, माझ्याहून तीन वर्षांनी मोठा, तो कायम गावीच राहिला. घर आणि आंब्याची कलमं तोच बघत आला. मी एका संध्याकाळी ओटीवर बसून त्याला विचारलं, “दादा, इतक्या वर्षांचे आंबे गेले, त्याचा काही हिशेब असेलच ना?”

दादा काही बोलला नाही. आत गेला आणि एक जुनी वही घेऊन आला. १९८८ पासूनची. खत, फवारणी, झेल्याने आंबे काढणाऱ्या गड्यांची मजुरी, पेट्या, वाहतूक. त्याखाली घराचा खर्च: दर वर्षी कौलं चाळणं, फुटकी बदलणं, वाळवीने खाल्लेले वाशे, पडवीची भिंत. माझ्या वडिलांच्या शेवटच्या आजारपणात दापोलीला नेल्याचं जीपचं भाडंसुद्धा होतं. मोहर जळाल्याची वर्षं लाल पेनाने. मी रात्री दोन वेळा बेरीज करून पाहिली. देणं माझ्याकडून निघत होतं. दादाने ते कधी मागितलं नव्हतं, आणि मी दिलं तेव्हा निम्मंच घेतलं. त्यानंतर तीन-चार महिने तो माझ्याशी नीट बोलला नाही. पैशासाठी नाही. मी विचारलं, म्हणून.

एवढ्यावर शहाणं व्हायला हवं होतं. झालो नाही. घराभोवती चिऱ्याचं कंपाउंड घातलं. सेहेचाळीस हजार रुपये खर्चून, लोखंडी गेट लावून. आपल्याला इथली सवय, गेट असलं की बरं वाटतं. माझ्या आवारातून एक पायवाट जायची. वाडीतल्या बायका विहिरीवर जाताना तिथून जायच्या, शाळेची मुलं जायची. मी विचारलं नाही, कोणी हरकतही घेतली नाही. वहिनी एवढंच म्हणाली, “बांधा की, तुमचीच जागा.” मला वाटलं, परवानगी मिळाली. सोसायटीत कोणाला हरकत असली की तो लेखी पत्र देतो, कमिटी अजेंड्यावर घेते. गावात हरकत अशी येते की तुमच्याकडे कोणी येईनासं होतं. कौलं चाळायला माणूस मिळेना. हाक मारली तर “उद्या बघू.” उद्या उजाडायचा, माणूस यायचा नाही.

शिमग्याला कळलं. देवीची पालखी घरोघरी येते, ते आमच्याकडे वर्षातलं सगळ्यात मोठं. आमची ही ओटीचं ताट घेऊन उभी. पालखी वरच्या घरातून निघाली आणि माझ्या कंपाउंडाशी थांबली. ती वर्षानुवर्षं त्या पायवाटेनेच खाली येत होती. गेट दुसऱ्या बाजूला. खांदेकऱ्यांतला एक म्हातारा शांतपणे म्हणाला, “अण्णा, पालखी कुठनं आणायची?” त्या दिवशी पालखी लांबून फिरून आली, नाचली, सगळं झालं. पण ढोल चालू असताना मला भिंतीशिवाय काही दिसत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी पहार घेऊन आठ फूट भिंत मीच पाडायला लागलो. दुपारी दोघं जण न बोलावता मदतीला आले. चिरे अजून तिथेच रचून ठेवलेत, बसायला उपयोगी पडतात.

आता हिची गोष्ट. ही गोरेगावची, जवाहरनगरला वाढलेली. हिची आई मृणालताई गोऱ्यांच्या लाटणं मोर्चात जायची, पाण्याच्या मोर्चातही जायची. हिला गावाला यायचंच नव्हतं. “तुझं गाव आहे, माझं नाही,” असं स्वच्छ सांगितलं होतं. आली ती माझ्या हट्टापायी, हे इथे सगळ्यांसमोर कबूल करतो, ती पहिल्या रांगेत बसली आहे. पहिलं वर्षभर तिला बोलायला कोणी नव्हतं. सगळ्या बायका कामात. मग महिला ग्रामसभेला गेली. तिथे कळलं की नळाला पाणी सकाळी अकराला सोडतात, आणि अकराला सगळ्या बायका शेतात किंवा काजूच्या बागेत. घरी म्हातारी माणसं, त्यांना हंडे उचलत नाहीत. हिने उभं राहून विचारलं, अकराच का? तर उत्तर असं, की पंप चालवणाऱ्याला त्या वेळेला सोयीचं पडतं. दोन ग्रामसभा लागल्या, पण पाणी सहाला यायला लागलं. तेव्हापासून आमच्याकडे लोक येतात ते “काकी आहेत का?” विचारत. मी दारात उभा असलो तरी.

तुम्ही माहिती विचारता, म्हणून थोडं कामाचंही सांगतो. पहिलं म्हणजे, डिसेंबरात जाऊन गाव पसंत करू नका. डिसेंबरात कोकण सगळ्यांनाच आवडतं. जूनमध्ये जा आणि सप्टेंबरपर्यंत राहा. दापोलीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्यातला जवळजवळ सगळा या चार महिन्यांत. चपलांना बुरशी येते, पासबुकाची पानं चिकटतात, लाइट जाते ती कधी येईल सांगता येत नाही, आणि जांभ्याच्या भेगेत फुरसं असतं, रात्री बॅटरीशिवाय अंगणात पाऊल टाकायचं नाही. एवढं करूनही राहावंसं वाटलं तर पुढचं बघा. दुसरं, ज्यांचं गावाला काहीच नाही त्यांनी आधी कायदा समजून घ्या. महाराष्ट्रात शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते, नाहीतर परवानगी लागते. एजंट सांगतो तेवढं सोपं ते नसतं. गावठाणातलं जुनं घर किंवा रीतसर बिनशेती झालेला प्लॉट बघा. तिसरं, इथला फ्लॅट विकायची घाई करू नका. भाड्याने दिलात तर सोसायटी नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस लावेल, पण ते सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाहीत. सेक्रेटरी साहेब हसतायत, म्हणजे बरोबर आहे! आणि चौथं, बीपी-शुगरच्या गोळ्या दोन महिन्यांच्या घरात ठेवा, आणि रात्री दोनला कोणाची गाडी निघेल ते आधीच माहीत असू द्या.

ही यादी मला कोणीही लिहून दिली असती. पण मी गावचा झालो की नाही, हे ठरलं ते २०२० साली, आणि ते असं कुठल्या यादीत बसत नाही.

मार्चमध्ये लॉकडाऊन लागला. मुंबईत काय चाललं होतं ते तुम्ही इथे सोसलंत. तिकडे वेगळाच प्रश्न. चाकरमानी निघाले होते, पास काढून, न काढून, काही तर चालत. गावात घबराट. तोपर्यंत मला ग्राम कृती दलात घेतलं होतं, पोस्टातला माणूस, कागद नीट ठेवील म्हणून. बैठकीत एक जण म्हणाला, “मुंबईवाल्यांना वेशीवरच थांबवा.” सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी मुंबईवाला की गाववाला? मलाच कळेना. शेवटी ठरलं, यायचं त्याने यावं, पण चौदा दिवस शाळेत राहायचं. कोणालाही सूट नाही. त्या ठरावाखाली माझी सही आहे.

२२ मे रोजी माझा मुलगा, सून आणि चार वर्षांची नात गोरेगावहून पोचले. इथे आपल्या बिल्डिंगमध्ये तेव्हा पेशंट निघाले होते, विंग सील होती, ती उघडल्यावर लगेच निघाले. आणि मी त्यांना घरी नेलं नाही. शाळेत नेलं. नात खिडकीतून “आजोबा, घरी” म्हणत होती आणि मी दहा फुटांवर डबा ठेवून परत फिरत होतो. आमची ही माझ्याशी बोलत नव्हती. मुलगाही बोलत नव्हता. घर शाळेपासून दीडशे पावलांवर. शाळेत तेव्हा एकोणीस माणसं होती.

२ जूनला निरोप आला, चक्रीवादळ येतंय. निसर्ग. शाळेचं छप्पर पत्र्याचं. ३ तारखेला सकाळी पाऊस सुरू झाला तेव्हा कृती दलाची बैठक शाळेच्या व्हरांड्यात, सगळे तोंडाला रुमाल बांधून. मुलाचा तेरावा दिवस. काहींचा पाचवा-सहावा. त्यांना घरात घ्यायचं का? मी गप्प राहिलो. माझाच मुलगा आत, मी काय बोलणार? एक जण म्हणाला, “छप्पर टिकेल.” कोणी म्हणालं, “रोग घरात आला तर म्हाताऱ्यांचं काय?” त्याचंही चूक नव्हतं. मग दादा उठला. हाच, हिशेबाच्या वहीवाला दादा. म्हणाला, “माझी पडवी रिकामी आहे. पाच जण माझ्याकडे.” बस्स. मग एकेकाने सांगितलं, दोन माझ्याकडे, तीन गोठ्यात झोपतील, गुरं मागे बांधतो. अर्ध्या तासात शाळा रिकामी झाली. माझी नात दादाच्या पडवीत गेली, आमच्याकडे नाही, कारण माझं घर उतारावर उघड्यावर आहे.

दुपारी शाळेचे पत्रे उडाले. मी ओटीवरून बघत होतो. आवाज असा की शेजारी कोण काय बोलतंय ते ऐकू येत नव्हतं. संध्याकाळी बाहेर आलो तर गाव ओळखू येईना. आमची अकरा कलमं मुळासकट आडवी, त्यातली चार आजोबांनी लावलेली. पोफळी काड्यांसारख्या मोडलेल्या. दापोली, मंडणगड भागात ज्यांचं त्या दिवशी गेलं, त्यांना ते आठवायला फोटो लागत नाही. आमच्याकडे वीज यायला महिन्याहून जास्त दिवस लागले.

रस्त्यावर झाडं पडलेली. ती तोडायला दुसऱ्या दिवशी सकाळी कोयते, कुऱ्हाडी घेऊन जे पुढे झाले त्यांत शाळेतले ते मुंबईवाले होते, माझा मुलगाही. आयटीत काम करणारा, हातात कोयता धरायची पद्धत चुकीची, तळहाताला फोड. तीन दिवस लागले. दादाने त्याला कुऱ्हाडीचा दांडा कसा धरायचा ते शिकवलं. गावात त्या वेळी कोणी आजारी पडलं नाही, हे आमचं नशीब. पडलं असतं तर मी आज इथे वेगळंच काही सांगत असतो.

पुढच्या आठवड्यात मुलगा म्हणाला, “बाबा, बस झालं. चला गोरेगावला. इथे लाइट नाही, छप्पर नाही, झाडं नाहीत, आता राहिलंय काय?” त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. मी हो म्हणणार होतो. पण दादाचं छप्पर माझ्याहून जास्त गेलेलं, कौलं मिळत नव्हती, आणि पाऊस तोंडावर. माझ्या पडवीची कौलं आम्ही उतरवून त्याच्या माजघरावर चढवली. ते करताना हिने मुलाला सांगितलं, “तुम्ही जा. यांची कौलं दादांच्या घरावर आहेत, आम्ही आत्ता कसे निघणार?” मी काही बोललो नाही. हे तीच बोलली, जिला यायचंच नव्हतं.

वडिलांचं मला त्या पावसाळ्यात समजलं, लाकडं फोडत बसण्याचं. आता मे महिन्यात एसटी येते तेव्हा मी स्टँडवर जातो, पण माझ्याच वयाचे दोन जण अजूनही जात नाहीत. त्यांना मी बळेच नेत नाही.

सगळं छान झालं असं समजू नका. कुलपाची घरं तेरा होती, आता अकरा आहेत, एवढाच फरक. नवी कलमं लावली आहेत, पण त्यांचा पूर्ण बहर बघायला मी असेन असं नाही. वानर-माकडांनी भाजीपाला लावणं सोडायला लावलंय. माझा गुडघा चढावर बोलतो. हीसुद्धा वर्षातले चार महिने इथे नातीजवळ असते, आणि ते महिने मला लांब वाटतात. गुडघा अगदीच थांबला तर काय, यावर आमचं दोघांचं अजून एकमत नाही. दादा म्हणतो, आठ फुटांच्या त्या जागेतून आता व्हीलचेअर जाईल. तो अशीच चेष्टा करतो.

वीस मिनिटं कधीच संपलीत, सेक्रेटरी घड्याळ दाखवतायत. मागे पुऱ्या तळल्याचा वासही येतोय. ज्यांना पावसाळा काढून बघायचाय त्यांनी जूनच्या आधी फोन करा, वरची खोली रिकामी आहे. एकच विनंती, येताना बॅटरीचे सेल आणा, आमच्या दुकानात मिळतात ते आठवड्यात संपतात.